डॅलसहून मैत्रीण येऊन राहिली, एक दिवस जत्रेत घालवायचा आहे, नागपूरजवळ कुठे न्यावं?

धंतोलीवाली

नमस्कार मंडळी. माझी शाळेतली मैत्रीण दिवाळी झाली की नागपूरला येऊन राहिली, महिनाभर आहे. सासर, माहेर, दाताचा डॉक्टर, सोनार हे सगळं उरकून एक पूर्ण दिवस तिने फक्त माझ्यासाठी ठेवला आहे आणि तिची फर्माईश एकच, "मला जत्रेत ने."

आता याचं कारण असं की ती राहते डॅलसला, तिथे दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटापासून २४ दिवस टेक्सासची स्टेट फेअर भरते आणि ही बाई न चुकता जाते. आम्हाला ग्रुपवर फोटो येतात. गेटच्या आत तो ५५ फुटी काउबॉयचा पुतळा, बिग टेक्स म्हणतात त्याला, तो मध्येमध्ये बोलतोसुद्धा. मग काडीला लावून तळलेला कॉर्न डॉग, २१२ फुटी आकाशपाळणा, लोण्याचे पुतळे, आणि तिला सगळ्यात जास्त आवडतं ते म्हणजे शाळकरी पोरं स्वतः वाढवलेली जनावरं घेऊन येतात, त्यांना आंघोळ घालतात, ब्रशने केस विंचरतात आणि परीक्षकासमोर फिरवतात. सगळं छान, पण मागच्या खेपेला फोनवर म्हणाली, "तिथे पाळण्यात बसलं की मला आपल्याइकडचीच जत्रा आठवते, आणि खरं सांगू का, आपली जत्रा मी चौथीनंतर पाहिलीच नाही." मी पण कुठे पाहिली आहे म्हणा. आम्ही दोघी धरमपेठेत वाढलेल्या, जत्रा म्हणजे आजोळी.

तर नोव्हेंबरमध्ये नागपूरपासून गाडीने जाऊन येण्यासारखं काय आहे? फुटाळा तलाव, मॉल, वॉटर पार्क असले सल्ले कृपया नको. पाळणा पाहिजे, भजे पाहिजे, धूळ चालेल, गर्दी चालेल. सोबत तिचा नऊ वर्षांचा मुलगा आहे, त्याला मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देतो.

---

मौद्याचा_भाऊ

ताई, मंडईले घेऊन जा. बाकीचे रिप्लाय वाचाची गरजच नाही.

भाजीची मंडई नाही बरं का, दिवाळीनंतर गावोगावी भरते ते. पाडवा-भाऊबीज झाली की चालू होते आमच्याइकडं, मौदा, कुही, भिवापूर, उमरेड, अन् तिकडं भंडारा, पवनी, पार गोंदिया-गडचिरोलीपर्यंत. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला रायते. बाजूच्या दोन गावाची मंडई शक्यतो एकाच दिवशी ठेवत नाही, कारण आज यायचे पाहुणे त्यायच्या घरी अन् उद्या त्यायचे आपल्या घरी. लेकी-जावई, मामा, साळे, सगळे येते. घरात झोपाले जागा नसते, अंगणात, माडीवर, पोत्याच्या थप्पीवर पोट्टे झोपून रायते. अन् सोयरिकीच्या गोष्टी बी इथंच निघते, कोणाचा पोरगा कोणते गाडीवर आला, कोणाची पोरगी कुठं शिकून राहिली, मायबाया सगळं पाहून ठेवते.

दुपारी दंडार. मोकळ्या जागेत लोक गोल करून उभे, मधात ढोलकी-टाळवाले, अन् लुगडं नेसलेला नाच्या. गाणं कमी, टोमणे जास्त. सरपंचापासून तर समोर उभ्या असलेल्या जावयापर्यंत कोणाले सोडत नाही ते लोक. मागच्या खेपेले एका माणसानं मोबाइलवर शूटिंग चालू केली, तं नाच्या सरळ त्याच्याजवळ आला, पदर डोक्यावर घेतला अन् म्हणते, "अवं, घरवालीले दाखवजा, जळन ते!" लोक हासून हासून खाली बसले. हे स्टेजवर नाही होत ताई, तिथं दोन फुटावर उभं राहावं लागते.

मंग बाजार. गोडी शेव, जिलेबी, आलूबोंडे, मुरमुरे-फुटाणे, उकडलेले शिंगाडे, बांगड्या, टिकल्या, पिपाण्या, फुगे फोडाची बंदूक. बंदुकीची नळी वाकडी असते हे सगळ्यायले माहीत, तरी सगळेच लावते. पाळणा बी असते, पण २१२ फूट वगैरे विसरा. आमच्याइथं लहान गावात अजून लाकडी चार डब्ब्याचा पाळणा येते कधीमधी, दोन माणसं हातानं फिरवते, एक जण वरच्या डब्ब्याले लटकून खाली येते तवा कुठं तो गरकन फिरते. मोठ्या गावात मोटरवाला येते.

अन् रात्री नाटक!! झाडीपट्टीचं, म्हंजे पूर्व विदर्भातलं. कंपन्या वडशाच्या, म्हंजे देसाईगंज, दिवाळीपासून सीझन चालू झाला की एकेका कंपनीले रोज नवीन गाव. रात्री साडेदहा-अकराले पडदा वर जाते अन् पहाटेपर्यंत चालते. समोर खुर्च्या, मागं आपापलं पोतं नाहीतं चटई आणाची. मधामधात गाणे, कोणाले गाणं आवडलं का बक्षिसाचे पैसे स्टेजवर पाठवते अन् माईकवर नावासकट सांगते. प्रॉम्प्टर पडद्याआडून इतक्या जोरात वाक्य सांगते का पुढच्या रांगेले डायलॉग दोनदा ऐकू येते. पण तिसऱ्या अंकात मायचा सीन आला का, सांगतो, मागच्या पोत्यावरच्या म्हाताऱ्या डोळे पुसून रायते, अन् पुढच्या खुर्चीवरचे बी.

गुगलवर तारीख नाही भेटत. ऑफिसात कोणी कुही-उमरेडचा असन त्याले विचारा, त्याच्या व्हॉट्सअॅपवर पत्रिका आलेली असते.

---

रामटेकची_सून

मंडई छानच असते, त्यात वाद नाही, पण मुलगा सोबत आहे आणि मैत्रीण इतक्या वर्षांनी येऊन राहिली, तर मी रामटेक सुचवेन. वैकुंठ चतुर्दशी आणि त्रिपुरी पौर्णिमा, हे दोन दिवस. नागपूरपासून साधारण ५० किलोमीटर, जबलपूर रोडने मनसरपर्यंत आणि तिथून उजवीकडे. इतवारी स्टेशनवरून रामटेकची गाडी पण आहे, आणि यात्रेच्या दिवशी गाडीने आलेलं कधीही बरं कारण कार घेऊन याल तर गावाबाहेरच अडवतात आणि मग तिथून पायपीट.

चतुर्दशीला गावात शोभायात्रा असते, रामायणातल्या प्रसंगांच्या झाँक्या, एकेका ट्रॉलीवर राम-लक्ष्मण-रावण सगळे मेकअप करून घामाघूम होऊन स्तब्ध उभे. आमच्या घराच्या गच्चीवर दरवर्षी वीस-पंचवीस माणूस असतो, त्यातले निम्मे कोण आहेत ते सासूबाईंनाही माहीत नसते. चहा मात्र सगळ्यांना.

गडावर अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी चढा. हातात प्लास्टिकची पिशवी ठेवू नका, आमची वानरं फार हुशार आहेत, पिशवीचा आवाज आला की त्यात प्रसाद आहे हे त्यांना समजते. त्या मुलाच्या हातात चिप्सचं पाकीट तर बिलकुल देऊ नका. वर दरवाज्याजवळ दगडाचा भलामोठा वराह आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघायचं, पापी माणूस अडकतो म्हणतात. मजा बघायची असेल तर तिथे दहा मिनिटं बसा. लग्न ठरलेली पोरं आधी मित्राला पाठवतात, जाडे काका "माझं वय झालं" म्हणून बाजूने निघून जातात, आणि बारकी पोरं सुळकन चार-चार वेळा जाऊन येतात. वरच्या अंगाला आधी लक्ष्मणाचं देऊळ लागतं आणि मागे रामाचं, हे पण मैत्रिणीच्या मुलाला दाखवा, तो विचारेल. जवळच केवल नरसिंहाचं देऊळ आहे, पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं. यात्रेच्या गर्दीतसुद्धा तिथे शांत असतं कारण सगळे रामाकडेच धावतात.

आकाशपाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांची दुकानं सगळं खाली. शिंगाडे रामटेकचेच घ्या, इथल्या तलावांमधले, हिरवे कच्चे पण मिळतात आणि उकडून काळे झालेले पण. सोलताना बोटं काळी होतात, काटा लागतो, आणि तरीही किलोभर कधी संपले कळत नाही. पौर्णिमेच्या रात्री गडावर त्रिपूर जळतो तो पाहायला थांबायचं असेल तर स्वेटर आणा, वर वारा असतो.

---

सक्करदरा_चौक

वरच्या दोघांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त एक सावधानतेचा इशारा देतो. शहरातल्या एखाद्या मैदानावर किंवा लॉनवर "गावरान जत्रा" अशी पाटी दिसली तर चुकूनही जाऊ नका. आम्ही गेलो होतो एका ठिकाणी, नाव नाही घेत. एंट्रीला पैसे, पार्किंगला वेगळे पैसे, आत गेल्यावर बैलगाडी उभी होती पण बैल नव्हते!! बैलगाडीसमोर सेल्फीची रांग. झुणका भाकर थर्माकोलच्या ताटात आणि भाकर अशी की कुत्र्याला टाकली असती तर त्याने पण मालकाला विचारलं असतं. एक निवेदक माईकवर सारखा "एन्जॉय करून राहिले ना नागपूरकर" ओरडत होता. नाही बे, नव्हतो करून राहिलो.

---

दाभा_रिंगरोड

त्या मैत्रिणीला जनावरं आणि शेतीचं आवडते असं वाचलं म्हणून लिहितो. नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी अॅग्रोव्हिजन हे शेतीचं प्रदर्शन असते, चार दिवस, आधी रेशीमबागेत व्हायची आता इकडे दाभ्याला कृषी विद्यापीठाच्या मैदानावर. २००९ पासून सुरू आहे. ट्रॅक्टर, फवारणीचे ड्रोन, ठिबक, बियाणं, पशुधनाचा भागही असते, आणि वर्कशॉप्स असतात त्यात खरंच शिकण्यासारखं मिळते. विदर्भभरातून बसेस भरून शेतकरी येतात. त्यांचे प्रश्न ऐका जरा, कंपनीवाल्या पोराला घाम फुटतो. "हे मशीन आमच्या काळ्या जमिनीत पावसानंतर चालन का?" या एका प्रश्नावर चकचकीत ब्रोशर गप्प बसते.

पण जत्रा म्हणून नाही. पाळणा नाही, दंडार नाही. सकाळी दोन तास इथे आणि संध्याकाळी दुसरीकडे असं जमवता आलं तर बघा.

---

इतवारीचा_बडग्या

मैत्रीण चुकीच्या महिन्यात येऊन राहिली, बस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली असती तर विषयच संपला असता. सकाळी मारबत, संध्याकाळी तान्हा पोळा, दोन्ही एकाच दिवशी, आणि गाव सोडून कुठे जायची गरज नाही.

मारबत म्हणजे मिरवणूक काढून शेवटी जाळतात तो मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. दुसऱ्या गावात दाखवा असं काही! त्यांच्यासोबत बडगे, ते पण पुतळेच, दरवर्षी नवीन, ज्याच्यावर लोकांचा राग त्याचा बडग्या, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत कोणी सुटत नाही. जागनाथ बुधवारीतून पिवळी निघते, नेहरू पुतळ्याजवळ काळी-पिवळीची भेट होते तेव्हा तिथे उभं राहायला पण जागा नसते, पाय उचलला तर परत ठेवायला जमीन मिळत नाही. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" असं हजारो लोक एकत्र ओरडतात ना, अंगावर काटा येतो. आणि संध्याकाळी नंदी घेऊन बारकी पोरं, लाकडाचे बैल, चाकं लावलेले, कोणाचा वीतभर तर कोणाचा चार माणसं ओढतील एवढा. तिथे पण सजावटीला बक्षीस असते, म्हणजे मैत्रिणीच्या टेक्सासवाल्या पोरांसारखंच झालं, फक्त आमचे बैल खात नाहीत.

तिला म्हणा पुढच्या वेळेस तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर पाहून घे.

---

मौद्याचा_भाऊ

@इतवारीचा_बडग्या भाऊ बरोबर आहे तुमचं, पण ते नोव्हेंबरात येऊन राहिली ना, आता तिले ऑगस्टात कसं न्यायचं. अन् बैलाचं म्हणसान तं संक्रांतीनंतर शंकरपट चालू होते, म्हंजे शर्यती, खऱ्या बैलाच्या. २०१४ पासून बंदी होती, २०२३ मधे सुप्रीम कोर्टानं शर्यतीले परवानगी देणारा कायदा कायम ठेवला तवापासून पुन्हा जोरात आहे. पण ते बी जानेवारीचं काम.

---

धंतोलीवाली

बाप्पा, एवढे रिप्लाय! सगळ्यांचे आभार. तिला सगळा थ्रेड पाठवला, ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये नाच्याचा किस्सा वाचून हसली आणि मॅनेजरने विचारलं काय झालं. कसं समजावणार.

तिला रामटेक पण करायचं आहे आणि मंडई पण, पण दिवस एकच. मंडईकडे जास्त कल आहे, नाटकामुळे. माझ्या शंका:

बायकांसाठी टॉयलेटची सोय काय असते, खरं खरं सांगा. नाटक रात्रभर चालणार तर परत कधी निघायचं, आम्ही दोघीच असू, गाडी मी चालवणार. मुलगा झोपला तर? आणि ती शाकाहारी आहे, मंडईत मटण असते म्हणे घराघरात.

---

उमरेड_रोडवरची

मी सांगते कारण भावांना हे प्रश्न कळत नाहीत. मैदानावर सोय नसल्यात जमा, कधी एखादं फिरतं टॉयलेट उभं करतात पण संध्याकाळनंतर तिकडे बघवत नाही. म्हणून ओळखीच्या घरी जायचं. मंडई ओळखीच्या घराशिवाय करायचीच नसते, बाहेरून आलेला माणूस नुसता बाजार बघून परत जातो. घर असलं की टॉयलेट, चहा, मुलाला झोपायला खाट, सगळं मिळते. आणि त्या घरच्या बाया तुम्हाला नाटकात चांगली जागा पण धरून देतात, आधीच चटई टाकून येतात.

परत येण्याचं म्हणाल तर एक तर दहाच्या आत निघा नाही तर सरळ पहाटे. मधल्या वेळेला भंडारा रोडवर ट्रक असतात आणि झोप येते, तेव्हा रात्री एक-दोनला दोघींनी गाडी काढू नका. मी म्हणेन रात्रभर थांबा. नाटक अर्धं पाहून निघालं तर ती पूर्ण रस्ता "पुढे काय झालं असेल" विचारत बसेल, माझी जाऊ तशीच करते.

जेवण: मटण-कोंबडी असते हो, सावजीसारखं झणझणीत, पण शाकाहारी पाहुणे पण असतातच ना. भात, वरण, वांग्याची भाजी, पाटवडीचा रस्सा झाला तर नशीब समजा. तिखटाचं मात्र आधी सांगून ठेवा, भिवापुरी मिरची असते घरची, आणि मुलाला बाजूला दही द्या.

---

मौद्याचा_भाऊ

ताई, घराचं टेन्शन नका घेऊ, आमच्याच घरी या. खरंच सांगून राहिलो, तोंडदेखलं नाही. मेसेज करतो तुम्हाले गावाचं नाव अन् तारीख, घरी माय आहे, वहिनी आहे, माही बायको आहे, तिच्याशी आधी फोनवर बोलून घ्या म्हंजे तुम्हाले बी बरं वाटन. पोट्ट्याले आमच्या पुतण्याच्या ताब्यात देऊन द्या, तो त्याले बंदुकीच्या दुकानावर घेऊन जाईन, इंग्रजी-मराठीचं ते दोघं पाहून घेते.

धान कापाचे दिवस आहे, त्याच्यानं दुपारपर्यंत घरचे माणसं वावरात रायतीन. तुम्ही अकरा-बाराले पोहचा, तीनले दंडार.

---

धंतोलीवाली

दादा, इतकं कोण करते आजकाल! मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली हो म्हणून टाक, आणि लगेच विचारते की "त्यांच्याकडे काय घेऊन जायचं?" ती चॉकलेटची मोठी बॅग आणून राहिली तिकडून, ती द्यावी का? की मिठाई? तुमच्या बायकोला आज संध्याकाळी फोन करते.

---

मौद्याचा_भाऊ

चॉकलेट आणा पोट्ट्यायसाठी, संपून जाईन दहा मिनिटात. मिठाई नका आणू, घरात गोडी शेव अन् अनारसे पडून असते तवा. आणाचंच असन तं संत्री आणा. आमचा इकडचा पट्टा धानाचा, संत्री तुमच्या काटोल-कळमेश्वरच्या बाजूनं येते, अंबिया बहाराची आली असन आता बाजारात. मायले आवडते. जास्त पिकलेली नका घेऊ, गाडीत दबते.

अन् जेवाले किती जण ते आदल्या दिवशी सांगजा, शाकाहारी किती ते बी. मायले भाताचा अंदाज लागते.